एच-१बीचा लाख डॉलरचा नियम : लेकीला अमेरिकेला पाठवावं का?

कृष्णाकाठ | २१ सप्टेंबर २०२५, संध्याकाळी ७:४०

आज सर्वपित्री. वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी धाकट्या भावाला रजा मिळाली नव्हती, म्हणून यंदा तो महालयासाठी मुद्दाम न्यू जर्सीहून आला होता. चौदा वर्षं तिकडे आहे, अजून एच-१बीवरच, म्हणजे कंपनीनं काढलेल्या कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर. आज सकाळी पानं वाढली तेव्हा तो घरात नव्हता.

काल सकाळी साडेसहाला त्याच्या कंपनीचा मेल आला. शनिवारी रात्री बारा वाजून एक मिनिटाच्या आत अमेरिकेत पोहोचा, म्हणजे आपल्याकडे आज सकाळी साडेनऊच्या आत. जमत नसेल तर पुढची सूचना येईपर्यंत आहात तिथेच थांबा. शुक्रवारी ट्रम्प यांनी एच-१बीवर लाख डॉलरची फी लावायच्या घोषणेवर सही केली होती, त्याचा हा परिणाम. तो म्हणाला, "दादा, बायको-पोरं तिकडे आहेत. मी इथे अडकलो तर काय करू?" सातला गाडी काढली. मी चालवत होतो, तो आणि माझी मुलगी फोनवर तिकीट शोधत होते. कराड येईपर्यंत जे भाडं दिसत होतं ते साताऱ्याला दुप्पट झालं. वेळेत पोहोचणारं विमान एकही नव्हतं. तरी मध्यरात्रीनंतरचं मिळालं ते घेतलं, एक लाख ऐंशी हजाराला. त्याला विमानतळावर सोडून मी उलट्या पावली सांगलीला आलो, सकाळी श्राद्धाला बसायचं होतं.

रात्री दीडच्या सुमारास त्याचा मेसेज आला. बॅग आत गेली होती, तो गेटपाशी बसला होता, आणि व्हाइट हाउसनं खुलासा केला होता की आधीच व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही. फी एकदाच, तीही फक्त नव्या अर्जांना. म्हणजे त्याला जायची गरजच नव्हती. आत्ता तासाभरापूर्वी तो न्यूअर्कला उतरला. इमिग्रेशनला दोन मिनिटं लागली म्हणे.

आई सकाळपासून बोललेली नाही. त्याच्या वाटचे वडे तिनं झाकून ठेवलेत.

आता मूळ प्रश्न. मुलगी बी.ई. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथेच. जीआरई (प्रवेशपरीक्षा) झाली आहे, पुढच्या ऑगस्टच्या प्रवेशासाठी अर्ज भरायचेत. ४५ लाखांचं कर्ज लागेल, तारण म्हणून वडिलांनी बांधलेलं घर. पाठवावं का? तिकडे राहणाऱ्यांनी मनापासून सांगा.

---

मेतकूट | २१ सप्टेंबर, ७:५८

वाचून पोटात कालवलं. भाऊ सुखरूप पोहोचले हे महत्त्वाचं. आईंना सांभाळा.

---

ओहायोकर | २१ सप्टेंबर, ८:१५

तुमच्या भावासारखे शेकडो लोक या दोन दिवसांत धावले. सॅन फ्रान्सिस्कोला दुबईच्या विमानात बसलेले काही जण दार बंद व्हायच्या आत खाली उतरले, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. प्रश्नावर सविस्तर लिहितो, आधी जेवतो.

---

दिवेलागण | २१ सप्टेंबर, ९:०५

मी न्यू जर्सीत इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात वीस वर्षं पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे. शुक्रवार संध्याकाळपासून फोन खाली ठेवलेला नाही, म्हणून आधी कागदावर काय आहे ते सांगते.

घोषणा १९ सप्टेंबरची, अंमल २१ सप्टेंबरच्या पहिल्या मिनिटापासून, मुदत बारा महिने, आणि ती वाढवता येते. ज्या व्यक्तीसाठी नवा अर्ज होतोय ती अमेरिकेबाहेर असेल तर कंपनीनं १ लाख डॉलर भरायचे. आजच्या दरानं ८८ लाख रुपये. ज्यांच्याकडे व्हिसा आहे, ज्यांचं नूतनीकरण आहे, त्यांना लागू नाही.

मग गोंधळ का झाला? घोषणेच्या मजकुरात भाषा 'प्रवेशा'ची होती. त्यात सहीच्या वेळी वाणिज्यमंत्री लटनिक फी दरवर्षीची असल्यासारखं बोलले. मोठ्या कंपन्यांच्या वकिलांनी तो मजकूर वाचला आणि माणसं बाहेर अडकू नयेत म्हणून रातोरात मेल पाठवले. त्यांच्या जागी मी असते तर मीही पाठवला असता. खुलासा यायला जवळजवळ एक दिवस गेला, आणि त्या एका दिवसात तुमच्या भावाचं महालय चुकलं. हे नुकसान कुठल्याच आकडेवारीत येणार नाही, म्हणून ते इथे लिहिलंत हे बरं केलंत.

मुलीचं म्हणाल तर ती जाईल एफ-१ विद्यार्थी व्हिसावर, त्याला ही फी नाही. शिक्षण झाल्यावर एक वर्ष ओपीटी, म्हणजे तिकडे काम करायची मुभा, आणि तिची शाखा स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) येते म्हणून वर २४ महिने. या तीन वर्षांत एच-१बीच्या लॉटरीत नाव टाकता येतं. कोटा वर्षाला ६५ हजार, अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. तिची कंपनी ती अमेरिकेत असतानाच अर्ज करेल, तेव्हा लाख डॉलर लागणार का, हे आज कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. मी मार्गदर्शक सूचनांची वाट बघतेय. त्या आल्या की याच धाग्यावर लिहीन.

---

हिंजवडी_फेज३ | २१ सप्टेंबर, ९:३०

माझं मत सरळ आहे, पाठवू नका. देशात आज सतराशेच्या वर जीसीसी आहेत, म्हणजे परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं. १९ लाख लोक तिथे काम करतात. पुण्यात बसून तेच काम, तोच कोड, तीच टीम. अमेरिकेनं माणसाला अडवलं तर काम इकडे येईल. घर गहाण टाकून तिकडे जायचं कारणच काय?

---

रानवारा | २१ सप्टेंबर, ९:४४

@हिंजवडी_फेज३, जीसीसीत नव्या पोरांना सहज घेतात का हो? माझा भाचा गेल्या वर्षी पास झाला, चांगल्या गुणांनी. आठ महिने घरी होता. शेवटी एका सर्व्हिस कंपनीत साडेतीन लाखांवर लागला. त्यात वाकडला राहून भाडं, डबा आणि रोजचे दोन तास ट्रॅफिक.

---

हिंजवडी_फेज३ | २१ सप्टेंबर, ९:५१

ट्रॅफिकबद्दल माझा काहीच बचाव नाही. हा प्रतिसाद मी भूमकर चौकातूनच लिहितोय, आणि मागचाही इथूनच लिहिला होता. (रविवार आहे आज!)

---

मेतकूट | २१ सप्टेंबर, ९:५३

चौकातच धागा काढा, वेळ भरपूर आहे :)

---

ओहायोकर | २१ सप्टेंबर, १०:२०

जेवण झालं. माझं म्हणणं काहींना रुचणार नाही, पण हा विषय मी अंगावर झेललाय.

२००६ साली मी एका कन्सल्टन्सीमार्फत आलो. विमानतळावरून थेट गेस्टहाउसवर नेलं, दोन खोल्यांत सहा मुलं. प्रोजेक्ट मिळेपर्यंत 'बेंच'. कायद्यानं बेंचवरही पगार द्यावा लागतो, आम्हाला मिळत नव्हता. रेझ्युमेवर मी न केलेल्या कामाची चार वर्षं लिहिली गेली. मला ते मान्य नव्हतं, पण परतीच्या तिकिटाचे पैसे नव्हते. पहिल्या पगारातून वकिलाची फी कापली, तीही नियमाविरुद्धच. तक्रार करायची तर व्हिसा त्यांच्याच हातात. एक वर्ष मी आईला फोनवर खोटं सांगत होतो की सगळं छान चाललंय.

म्हणून एच-१बी सुधारायला हवा असं कुणी अमेरिकन म्हणतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही. एच-१बीवर फार अवलंबून असलेल्या कंपन्यांना जादा अटींतून सूट देणारी पगाराची रेघ १९९८ च्या कायद्यात ६० हजार डॉलरवर आखली, ती तिथेच आहे. २०२३ च्या लॉटरीत ७ लाख ८० हजारांवर नोंदी आल्या, कारण एकाच माणसाचं नाव चार-चार कंपन्यांकडून टाकलं जात होतं. यात आपलीच माणसं होती. पुढच्या वर्षी नोंद माणसागणिक मोजायला लागले तेव्हा तो प्रकार आटोक्यात आला. २०१५ साली ऑर्लँडोत डिस्नेच्या आयटीतल्या लोकांना आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवून मग घरी जावं लागलं. माझ्या शेजारचा गृहस्थ असाच एका दुसऱ्या कंपनीतून गेला. पन्नाशीत. तो माझ्याशी नीट बोलतो, पण मला त्याच्या डोळ्यांत बघवत नाही.

तेव्हा इलाज हवा होता. पण हा इलाज त्या कन्सल्टन्सीला लागतच नाही. तिची माणसं आधीच अमेरिकेत आहेत, त्यांची ती कंपन्या बदलत राहील. मार बसणार आहे तो ज्याला कष्टानं एक नोकरी मिळाली आणि जो अजून सांगलीत किंवा नाशकात बसलाय त्याला.

---

रानजाई | २१ सप्टेंबर, रात्री ११:०२

ओहायोकर, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार. मी एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या बायको-मुलांचा व्हिसा), टेक्सासला. दुसरी बाजूही सांगते.

नवरा एच-१बीवर २०११ मध्ये आला. कधीही बेंच नाही, पगार उत्तम, कर सगळे भरतो. ग्रीन कार्डच्या रांगेतली त्याची तारीख २०१५ ची आहे. भारतीयांच्या त्या रांगेत सध्या २०१३ चालू आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. एच-१बी मिळवणाऱ्यांत दहातले सात भारतीय. मग रांग तुंबणारच.

मुलगा तीन वर्षांचा असताना आला, आता सतरा पूर्ण. एकविसाव्या वर्षी तो आमच्या व्हिसातून गळतो. शाळेत तो रोज सकाळी ज्या झेंड्यापुढे उभा राहतो त्या देशात त्याला 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी' म्हणून फी भरावी लागेल. मराठी बोलतो, वाचता येत नाही. गेल्या महिन्यात त्यानं विचारलं, "आई, मी नक्की कुठला?" मी भाजी चिरत होते, चिरतच राहिले.

मला स्वतःला २०१५ च्या नियमामुळे काम करता येतं. तोपर्यंत एम.कॉम. असून चार वर्षं घरी बसले होते. तोही नियम आहे, कायदा नाही. केव्हाही जाईल.

कृष्णाकाठ, लाख डॉलरचा आकडा बातमीत आला म्हणून तुम्ही घाबरलात. आम्ही बिनआकड्याच्या या भीतीत चौदा वर्षं घर चालवतोय. लेकीला पाठवायचं तर शिकायला पाठवा, 'सेटल' व्हायला नको. शिकून परत यायचं हे धरून कर्ज फिटत असेल, तरच.

---

चौथी_पायरी | २२ सप्टेंबर, सकाळी ७:३०

रानजाईंचं शेवटचं वाक्य धरून हिशेब मांडतो. बँकेत शैक्षणिक कर्जं बघत होतो, आता निवृत्त.

४५ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं : हप्ता साठ हजारांच्या आसपास. शिक्षण चालू असतानाचं व्याज साठू दिलंत तर आणखी जास्त. मुलगी परत आली आणि पुण्यात वर्षाला बारा लाखांवर लागली तरी हातात येणाऱ्या पैशांतले निम्म्याहून जास्त हप्त्यात जातील. अमेरिकेत दोन-तीन वर्षं नोकरी मिळाली तर हेच कर्ज पटकन फिटतं, तशी पुष्कळ मुलं मी पाहिली. पण ज्यांना मिळाली नाही त्यांचे वडील माझ्या टेबलासमोर बसलेलेही पाहिलेत. तारण शक्यतो राहतं घर ठेवू नका. कर्ज ४५ ऐवजी २५ मध्ये बसतं का ते आधी बघा, विद्यापीठाचं नाव त्यानंतर.

(घटस्थापनेच्या सर्वांना शुभेच्छा.)

---

म्युनिकची_मिसळ | २२ सप्टेंबर, दुपारी १:१०

सगळे अमेरिकाच धरून बसलेत म्हणून जर्मनीबद्दल लिहिते. सहा वर्षं इथे आहे.

इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही आता शुल्क घेतं. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो 'बंद खात्यात' दाखवावे लागतात. ते आपलेच पैसे, दरमहा थोडे थोडे परत मिळतात. म्हणजे ४५ लाखांची गोष्टच नाही.

नोकरी लागली की ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांसाठीचा राहायचा-कामाचा परवाना. त्यावर २७ महिन्यांत कायमचा परवाना, आणि जर्मन बी-१ पर्यंत (भाषेची मधली पातळी) येत असेल तर २१ महिन्यांत. लॉटरी नाही, देशागणिक कोटा नाही. रानजाईंची चौदा वर्षं वाचल्यावर हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं झालं.

पण कडू भागही ऐका. भाषा आली नाही तर माणूस एकटा पडतो. माझं पहिलं वर्ष असं गेलं की रविवारी दुकानं बंद, बाहेर चार वाजता अंधार आणि दिवसभरात आवाज फक्त व्हॉट्सअॅपवरच्या आईचा. सध्या नव्या मुलांना नोकऱ्याही सहज नाहीत, इंग्रजीवर भागणाऱ्या तर आणखी कमी. लेकीनं आजपासून जर्मन सुरू केलं तर वर्षभरात बी-१ होईल. त्याला घर गहाण टाकावं लागत नाही.

---

मेतकूट | २२ सप्टेंबर, १:२५

ताई, म्युनिकमध्ये मिसळीला फरसाण कुठून आणता?

---

म्युनिकची_मिसळ | २२ सप्टेंबर, १:४०

पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत एक किलो माझं आरक्षण असतं. कस्टमवाल्याला एकदा चिमूटभर खायला दिलं. खोकत खोकत जा म्हणाला.

---

कृष्णाकाठ | २२ सप्टेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांचे प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. रानजाईंचा वाचताना ती उठून आत गेली. चौथी_पायरी, तुमचा हप्त्याचा आकडा वहीत लिहून ठेवलाय.

आई आज बोलली. म्हणाली, "त्याला फोन लाव, काय जेवला विचार."

---

लातूरची_लेक | २५ सप्टेंबर, सकाळी १०:४०

उशिरा लिहितेय, सलग ड्यूटी होती. मी डॉक्टर, नॉर्थ डकोटात. गावात एकच हॉस्पिटल, २५ खाटांचं. पुढचं मोठं हॉस्पिटल नव्वद मैलांवर, आणि हिवाळ्यात तो रस्ता कधी कधी दोन दिवस बंद असतो.

आमच्याकडे अडीच वर्षं बालरोगतज्ज्ञ नाही. जाहिरात दिली, अमेरिकन डॉक्टर इथे यायला तयार होत नाहीत, आणि त्यांना दोष तरी काय द्यायचा? ऑगस्टमध्ये एक डॉक्टर ठरली होती, ती सध्या भारतात आहे. एच-१बीचा अर्ज जाणार तेवढ्यात हे आलं. आमच्या हॉस्पिटलला लाख डॉलर म्हणजे एका नर्सचा वर्षाचा पगार. प्रशासकांनी काल फाइल बाजूला ठेवली. राष्ट्रहितासाठी सूट मागता येते असं घोषणेत आहे, पण ती कुणाला, किती दिवसांत, याची वाट बघत लहान मुलांचा न्यूमोनिया थांबत नाही.

इथले बहुतेक लोक ट्रम्प यांनाच मत देणारे. चांगली माणसं आहेत, मी आजारी पडले तेव्हा दारात सूपची भांडी ठेवून गेली. काल एक आजोबा तपासणीला आले, म्हणाले, "हे तुमच्यासाठी नाहीये गं, ते कॉम्प्युटरवाल्यांसाठी आहे." मी त्यांना कसं सांगू की कागदावर आम्ही सगळे एकाच रकान्यात आहोत?

कृष्णाकाठ, २०१६ च्या उन्हाळ्यात तुमच्या मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. मी तेव्हा बारावीत होते, स्टेशनवर बघायला गेले होते. जिथे नाही तिथे पोचवावं लागतं, हे मी तिथे पाहिलं.

---

ओहायोकर | २५ सप्टेंबर, ११:१०

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. डॉक्टरांना वगळायलाच हवं होतं.

---

रानवारा | २५ सप्टेंबर, ११:३२

एक गोष्ट खटकते, म्हणून विचारतो. लातूरच्याही कित्येक तालुक्यांत बालरोगतज्ज्ञ नाहीत. पाणी जिथे नाही तिथे पोचवायचं, तर आधी आपल्याकडे नको का?

---

लातूरची_लेक | २५ सप्टेंबर, रात्री ८:०५

रानवारा, प्रश्न बरोबर आहे आणि तो मला दर सुट्टीत घरी गेल्यावर बोचतो. परत यायचं मनात आहे. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेनं लाख डॉलर लावणं हे नाही. त्यानं मी डकोटातून निघेन, औशाला पोचेनच असं नाही.

---

संपादक | २६ सप्टेंबर

'ब्रेन ड्रेन'वर आलेले १४ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. दोन प्रतिसाद वैयक्तिक टीकेमुळे काढले. मूळ प्रश्न एका मुलीच्या शिक्षणाचा आहे, कृपया तो लक्षात ठेवा.

---

जुना_गडी | २ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

दसऱ्याचं सोनं घ्या सगळे. थोडा इतिहास सांगतो.

वायटूकेच्या लाटेत (२००० साल उजाडताना कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करायचं काम) मी १९९९ साली गेलो. तेव्हा कोटा १ लाख १५ हजार होता, २००१ ते २००३ मध्ये तर १ लाख ९५ हजार. अमेरिका हात धरून बोलवत होती. मग डॉट कॉमचा फुगा फुटला. आमच्या मजल्यावरच्या चाळीस जणांतले एकतीस दोन आठवड्यांत गेले. लोक भाड्याच्या घराच्या किल्ल्या टेबलावर ठेवून, गाड्या विमानतळाच्या पार्किंगमध्ये सोडून परतले. २००४ ला कोटा पुन्हा ६५ हजारांवर आला, तिथेच राहिला. मी परत आलो तेव्हा वडील म्हणाले, बरं झालं, विहिरीचं काम राहिलं होतं.

तो देश गरजेप्रमाणे दार उघडतो आणि लोटतो. तो त्यांचा हक्क आहे, माझी तक्रार नाही. फक्त दार लोटताना कुणाचा हात त्यात आहे ते बघावं, एवढंच वाटतं. पूर्वी निदान कायदा संसदेत व्हायचा, वर्ष-सहा महिने आधी चाहूल लागायची. शुक्रवारी सही आणि रविवारी अंमल, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

---

दिवेलागण | २१ ऑक्टोबर, रात्री ८:३०

सांगितलं होतं तशी आले. काल, २० ऑक्टोबरला, यूएससीआयएसची, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची, मार्गदर्शक सूचना आली. जो माणूस अमेरिकेत वैध स्थितीत आहे आणि इथेच राहून एफ-१ वरून एच-१बीवर बदल मागतोय, त्याला लाख डॉलर लागू नाहीत. मात्र अर्ज मंजूर व्हायच्या आत तो देशाबाहेर गेला तर लागू होऊ शकतात.

म्हणजे कृष्णाकाठ, तुमच्या लेकीचा रस्ता आज तरी मोकळा आहे. पण त्या रस्त्यावर असताना ती आजीला भेटायला येऊ शकणार नाही असे काही महिने असतील, हे तिला आधीच सांगून ठेवा. आमच्या ऑफिसात लोक पगार विचारतात, हे कुणी विचारत नाही.

दिवाळीच्या शुभेच्छा. इथे आत्ता चकल्या तळतेय, काल वेळ मिळाला नाही.

---

हिंजवडी_फेज३ | २१ ऑक्टोबर, ९:०२

मी पहिल्या दिवशी 'पाठवू नका' असं ठणकावून सांगितलं होतं. डॉक्टरताई आणि रानजाईंचं वाचून तेवढा ठाम राहिलो नाही. पण लेकीला इथलेही पर्याय नीट दाखवा. आमच्या कंपनीत कॅम्पसचे अर्ज कसे बघतात ते मी तिला फोनवर सांगेन. व्यक्तिगत निरोप टाका.

---

ठाणे_स्लो_लोकल | १७ डिसेंबर, दुपारी ३:५०

धागा वर काढतोय. बहिणीच्या लग्नाला आलो होतो. पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का हवा होता, उद्या बीकेसीला अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत होती. गेल्या आठवड्यात मेल आला, तारीख थेट मे महिन्यात. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांची समाजमाध्यमं तपासणार, म्हणून रोजच्या मुलाखती कमी केल्यात. आम्हाला खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलंय.

पूर्वी मुलाखतीशिवाय ड्रॉपबॉक्सनं, नुसते कागद देऊन व्हायचं, ते सप्टेंबरमध्ये बंद झालं. दुसऱ्या देशात जाऊन शिक्का आणायचे, तोही रस्ता त्याच महिन्यात जवळपास मिटला. सिएटलला घराचं भाडं चालू आहे, गाडी बर्फात उभी आहे. मॅनेजर महिनाभर थांबेन म्हणाला, त्यानंतरचं माहीत नाही. रात्री आठ ते पहाटे चार मी आईच्या देवघरापाशी बसून काम करतो, कारण वायफाय तिथेच येतं.

लाख डॉलरची बातमी जगभर झाली. मे महिन्याची तारीख मात्र फक्त आमच्या घरात कळली.

---

रानजाई | १७ डिसेंबर, रात्री ११:२०

@ठाणे_स्लो_लोकल, बाहेरून किती दिवस काम करायचं याबद्दल कंपनीच्या वकिलांशी लेखी बोलून घ्या, दोन्हीकडच्या कराचा प्रश्न येतो. आणि सिएटलला मराठी मंडळातल्या कुणाला तरी गाडी आठवड्यातून एकदा चालू करायला सांगा. बॅटरी जाते.

---

दिवेलागण | २४ डिसेंबर, सकाळी ९:४०

दोन बातम्या, दोन्ही कालच्या. यूएस चेंबर ऑफ कॉमर्सनं (तिकडची उद्योगांची संघटना) लाख डॉलरविरुद्ध जी याचिका केली होती, तिच्यात वॉशिंग्टनच्या न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी सरकारच्या बाजूनं निकाल दिला. इतर खटले चालू आहेत, त्यात काही राज्यांचाही आहे.

दुसरी बातमी लेकीच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची. लॉटरी आता पगाराच्या पातळीवर. वरच्या चौथ्या पातळीच्या पगाराला चार चिठ्ठ्या, तिसऱ्याला तीन, दुसऱ्याला दोन, पहिल्या पातळीला एकच. अंमल २७ फेब्रुवारीपासून. नुकती शिकून बाहेर पडलेली मुलं बहुतेक पहिल्या-दुसऱ्या पातळीवर असतात.

---

ओहायोकर | २४ डिसेंबर, १०:१५

कमी पगारात माणसं आणणाऱ्यांना आळा बसेल म्हणून मला हा बदल लाख डॉलरपेक्षा बरा वाटतो. पण कृष्णाकाठांच्या मुलीच्या वयाच्या पोरांना तो जड जाणार, हे खरंय.

---

कृष्णाकाठ | २८ डिसेंबर, संध्याकाळी ६:५०

तीन महिन्यांनी लिहितोय, क्षमस्व. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, तर काय ठरलं ते सांगायलाच हवं.

घर गहाण टाकायचं नाही. हे मी नाही, मुलीनंच सांगितलं. हिंजवडी_फेज३ तिच्याशी दोन वेळा फोनवर तास-तास बोलले, त्याप्रमाणे तिनं तयारी केली आणि पुण्यातल्या एका केंद्रात तिला नऊ लाखांची ऑफर आली. जुलैत रुजू व्हायचंय. दोन वर्षं नोकरी करून स्वतःचे पैसे साठवेन आणि मग जर्मनी की अमेरिका बघेन, असं म्हणते. जर्मनचा ए-१ चालू आहे, जेवताना आजीला आकडे म्हणून दाखवते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला मात्र तिनं अर्ज केलाय, शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं या अटीवर. मी नको म्हणालो नाही.

भाऊ बरा आहे. पण पुढच्या वर्षी महालयाला येणार नाही म्हणाला. त्याचा शिक्का मार्चमध्ये संपतोय, आणि ठाणे_स्लो_लोकल यांचं वाचल्यापासून त्याची बायको त्याला निघू देणार नाही. हे त्यानं आईला सांगितलं तेव्हा मी शेजारी बसलो होतो. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग मला म्हणाली, "माझा पासपोर्ट काढ. तो येत नाही तर मी जाते."

एक्याऐंशी वर्षांची आहे. मुंबईच्या पुढे कधी गेलेली नाही. पासपोर्ट गेल्या आठवड्यात आला. आता व्हिजिटर व्हिसाचा फॉर्म भरायचाय. ऐंशीच्या वरच्यांना मुलाखत नसते असं ऐकलं होतं, ते खरं का?

---

दिवेलागण | २८ डिसेंबर, ७:२५

होतं तसं. २ सप्टेंबरपासून त्यांनाही मुलाखत आहे. पण घाबरू नका, फॉर्म मी भरून देते. व्यक्तिगत निरोपात कळवा. आधी एक बघा, आईंच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, आधार आणि भावाच्या कागदांवर एकच आहे ना?

---

कृष्णाकाठ | २८ डिसेंबर, ७:५०

पासपोर्टवर आणि आधारवर एकच आहे. भावाच्या जन्मदाखल्यावर तिचं माहेरचं नाव आहे. उद्या सकाळी महापालिकेत जाऊन येतो.